डोळ्यांचं शून्य

माझं काम काय, हे मी आजवर निदान पन्नास लोकांना समजावून सांगितलं असेल आणि त्यातल्या एकालाही ते कळलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, "कॉम्प्युटरवर बसून माणसं मोजते." ऐकणाऱ्यांना वाटतं मी जनगणना खात्यात आहे. पण खरं सांगू? पन्नासांत आईचं उत्तरच त्यातल्या त्यात बरं आहे. एखादी कंपनी इंटरनेटवर जाहिरात लावते. तिला सांगितलं जातं, बाई गं, तुझी जाहिरात आज चाळीस हजार लोकांनी बघितली. त्या चाळीस हजारांत खरी माणसं किती आणि माणसाचं सोंग घेऊन आलेले प्रोग्राम किती, हे शोधायचं, एवढंच माझं काम.

साधी सोंगं ओळखायला अक्कल लागत नाही. अख्खं पान एका सेकंदात वाचून मोकळे होणारे वाचक असतात, त्यांना आमचं सॉफ्टवेअरच गचांडी धरून बाहेर काढतं. भानगड असते ती हुशार सोंगांची. ती पानावर रेंगाळतात, माउस उगाच इकडेतिकडे फिरवतात, खाली जातात, काहीतरी विसरल्यासारखी परत वर येतात, मध्येच गप्प बसतात. त्यांच्यासाठी ऑफिसनं मला ठेवलंय. नऊ वर्षं मी हे करतेय आणि माझा स्वभाव जो मुळात संशयी होता तो आता पार कामातून गेलाय. दुकानात कुणी हसून बोललं तरी मी आधी त्याच्या पापण्या लवतात का बघते.

तर त्या सोमवारी मी भर मीटिंगमध्ये तोंडघशी पडले.

मीटिंग होती गादीवाल्या बाईंची. या बाईंचा गाद्यांचा कारखाना. दोन महिने त्यांची जाहिरात बातम्यांच्या काही साइटींवर चालली होती आणि आकडे असे की बघत राहावं. लोक जाहिरातीपाशी थांबत होते, त्यावर क्लिक करत होते, आतलं गादीचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते. गाद्या मात्र पूर्वी जेवढ्या खपायच्या तेवढ्याच खपत होत्या. बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "एवढी माणसं रोज माझी गादी बघतात आणि एकालाही झोप येत नाही?"

त्यांच्या समोर बसला होता तो जाहिरातींच्या जागा विकणारा दलाल. त्याला आम्ही ऑफिसात 'मधाचं बोट' म्हणतो. तो कुणालाही नाही म्हणत नाही, आवाज चढवत नाही, आणि त्याच्याशी बोलून बाहेर पडल्यावर आपला खिसा चाचपावासा वाटतो. तो माझ्याकडे वळून हसला. "ताई, तुमच्याच सॉफ्टवेअरनं आमच्या वाचकांना किती गुण दिलेत, सांगा की जरा बाईंना."

आता आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक वाचकाला माणूसपणाचे शंभरपैकी गुण देतं. त्याच्या वाचकांना सत्त्याण्णव मिळाले होते. मी स्वतः एकदा गंमत म्हणून परीक्षा दिली होती, मला एक्क्याऐंशी पडले.

मला गप्प बसता आलं असतं. पण ते हसू बघून माझं डोकंच फिरलं. "सगळे खोटे आहेत," मी म्हणाले. "चाळीसच्या चाळीस हजार."

"कशावरून?" आमच्या साहेबांनी विचारलं.

"मला वाटतं."

आमच्या साहेबांचं नाव ऑफिसात 'होपण'. कुठलंही वाक्य ते "हो, पण" नं सुरू करतात. घराला आग लागली म्हणून सांगितलं तरी म्हणतील, हो, पण कुठल्या खोलीत? ते म्हणाले, "हो, पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत. शुक्रवारी अकरा वाजता याच टेबलावर पुरावा आणा. नाही आणला तर यांची लेखी माफी मागायची. आणि मग मला वाटतं, काही दिवस तुम्ही तक्रारींना उत्तरं देण्याच्या टेबलावर बसलात तर बरं."

तक्रारींच्या टेबलावर! दिवसभर लोकांना 'आपल्या भावना समजल्या' असं लिहायचं. मी तिथे दोन दिवसांत कुणाचा तरी जीव घेतला असता.

सोमवार गेला, मंगळवार गेला. चाळीस हजार वाचकांचे माउस कसे फिरले, त्याच्या रेषा काढून मी बघत बसले. आमच्याकडे ती सोय आहे. बाण जिथून जातो तिथे रेघ उमटते आणि जिथे थांबतो तिथे ठिपका जाड होत जातो. एकाची रेघ दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. कुणाची जरा तिरकी, कुणाची ताणलेली, कुणी सावकाश, कुणी भरभर. वर दर दिवशी सगळ्यांच्या रेषा नव्या. काल ज्या ओळीवर थांबले होते तिथे आज कुणी थांबत नव्हतं. खऱ्या माणसांच्या गर्दीत याहून जास्त काय असतं? मला माझाच राग यायला लागला.

बुधवारी डोकं ठणकत होतं म्हणून मी घरूनच काम करायचं ठरवलं. आणि इथे मला आधी घरची हकिगत सांगायला हवी.

घरात आम्ही तिघं. मी, आई आणि बाबा. बाबांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. शाळेत त्यांना 'डोळे सर' म्हणायचे, कारण नक्कल केलेल्या पेपरवर ते लाल पेननं एक मोठं शून्य काढायचे आणि त्यात दोन ठिपक्यांचे डोळे. म्हणजे 'मी पाहिलंय' असं. खाली एक अक्षर लिहायचे नाहीत. ते डोळे बघून भलेभले घरी जायला घाबरायचे. मी सातवीत त्यांच्याच वर्गात होते. बाकावरच्या मैत्रिणीचं बघून एक गणित लिहिलं, त्यात भिंत बांधायला साडेसात मजूर लागतील असं उत्तर आलं होतं. तिचंही साडेसात, माझंही साडेसात. बाबांनी भर वर्गात दोन्ही पेपर उंच धरले. स्वतःच्या मुलीला डोळ्यांचं शून्य! मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी मला समजावलं, "अगं, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं, त्यावरून काय कळणार? चूक ज्याची त्याची असते. नक्कल करणारा नेमकी तीच उचलतो."

असा हा माणूस निवृत्त झाला आणि वर्षभरात आईची नजर गेली. उजेड कळतो, आकार कळतात, अक्षर कळत नाही. पुढे काही करता येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईला वाचनाचं वेड. किराण्याची पुडी बांधून आलेला कागदसुद्धा ती सोडायची नाही. आणि बाबा? ते खिडकीजवळच्या खुर्चीत जे जाऊन बसले ते उठेचनात. आई म्हणायची, "अहो, चार ओळी वाचून दाखवा." ते म्हणायचे, "नंतर." तो नंतर दोन वर्षं आला नाही. मला वाटतं, आई दिसत नाही म्हणून रडली नाही, पण त्या 'नंतर'नं तिला रडवलं. घरात कुणी भांडेनासं झालं होतं. त्याची मला फार भीती वाटायची.

आणि सहा महिन्यांपूर्वी बाबांना नोकरी लागली! घरबसल्या वाचकाची. कुठल्याशा कंपनीच्या पानावर रोज सकाळी दहा ते अकरा या वेळात बातम्या वाचायच्या, त्यातल्या जाहिरातींसकट. वाचून झालं की पडद्यावर गुण येतात. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, तो अठ्ठ्याण्णव पडले की आतून मोठ्यानं ओरडून सांगायचा. महिन्याच्या शेवटी 'उत्कृष्ट वाचक' असं प्रमाणपत्र यायचं. ती सहाही प्रमाणपत्रं कपाटाच्या दारावर ओळीनं चिकटवलेली. दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून बाबा कॉम्प्युटरपुढे. आई शेजारी मोड्यावर. "वाचायचंच आहे तर मोठ्यानं वाचा की, मेलं तोंड काय झिजतंय?" असं तिनं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. तेव्हापासून घरात पुन्हा भांडणं सुरू झाली आणि माझ्या जिवात जीव आला.

ही कंपनी कुठली, ती लोकांना वाचायला का ठेवते, हे मी एकदाही विचारलं नाही. मी, दुकानदाराच्या पापण्या तपासणारी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. खरं म्हणजे विचारायची भीतीच वाटत होती.

तर बुधवारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले. पडद्यावर एका वाचकाची रेघ चालू होती. मागे, बाहेरच्या खोलीत, बाबांचं वाचन. ते माउस जुन्या परीक्षेच्या पॅडवर ठेवतात, त्यामुळे त्याचा आवाज घरभर होतो. ओळ संपली की ते माउस दोनदा आपटतात, टक टक. फळ्यावर छडी आपटायची सवय.

माझ्या पडद्यावर बाण एका ओळीखालून सरळ रेषेत गेला, ओळीच्या टोकाला पोचला आणि जागच्या जागी दोनदा हलला. मागून आवाज आला, टक टक.

मी म्हटलं, योगायोग.

बाण पुढच्या ओळीवर गेला. मध्येच थांबला. ठिपका जाड होत गेला. मागून आई म्हणाली, "थांबा थांबा, हे काहीतरीच. परत वाचा." बाबा म्हणाले, "काहीतरीच काय, छापलंय तसं वाचतोय." माझ्या पडद्यावरचा वाचक कालचा, त्याची बातमी वेगळी, पण तोही तसाच थांबला आणि दोन ओळी मागे आला. मी दुसरा वाचक उघडला. तो जरा तिरका चालत होता. टोकाला दोनदा हलला. तिसरा उघडला, तो सावकाश होता. टोकाला दोनदा हलला. जाहिरातीवर क्लिक करायच्या आधी तिघांनीही तिच्याभोवती एक गोल फेरी मारली. बाबा तशी मारतात. नीट बघून मगच हात लावायचा, असं मीच त्यांना कॉम्प्युटर शिकवताना बजावलं होतं.

चाळीस हजार वाचक आणि सगळ्यांना माझ्या बापाचा हात! ती 'वाचकाची नोकरी' म्हणजे हाताची चोरी होती. बाबा वाचत, ते लोक प्रत्येक हालचाल टिपून घेत, रात्रीत तिची थोडी मोडतोड करत आणि सकाळी ती हजारो बनावट वाचकांना शिकवत. आणि सत्त्याण्णव गुण का पडणार नाहीत? नुसता बाबांचा हातच नाही, त्यात आईचं मध्येमध्ये तोंड घालणंही आलं होतं. इतकं माणूसपण आमच्या सॉफ्टवेअरनं कुठून बघितलेलं असणार?

"नव्व्याण्णव!" बाहेरून बाबा ओरडले. "अगं ऐकलंस का? नव्व्याण्णव!"

"ऐकलं हो," मी म्हणाले.

आता काय करू? ऑफिसात जाऊन सांगू, की हा माझ्या वडिलांचा हात आहे? होपण म्हणणार, हो, पण हातावर सही असते का? मधाचं बोट म्हणणार, म्हातारी माणसं अशीच वाचतात हो ताई. मग बाबांना त्या टेबलापुढे उभं करावं लागणार, ते प्रश्न विचारणार, तुम्ही किती महिने या लबाडीत होता? चौतीस वर्षं नक्कल पकडणाऱ्या माणसाला! आणि पुरावा दिला की ती नोकरी बंद. इस्त्रीचा शर्ट बंद, बाबा पुन्हा खिडकीशी, आई पुन्हा 'नंतर'च्या वाटेवर डोळे लावून. दुसरीकडे तक्रारींचं टेबल. मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला लागले. घासलेलीच भांडी.

नजर गेली तरी आईला सगळं दिसतं. दुपारी ती चाचपत ओट्यापाशी आली. "काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही तर ते पातेलं तिसऱ्यांदा का घासतेस?"

मी सांगितलं. सगळं. ती ऐकताना बोटांनी पदराचं टोक गुंडाळत होती. मग म्हणाली, "त्यांना सांग."

"आई, ते परत खुर्चीत जाऊन बसतील."

"बसले तर बसले. मला काय ते आवडणार आहे का? पण मी गोड मानून ऐकत राहायचं आणि पलीकडे यांच्या हातानं कुणीतरी चोऱ्या करायच्या, हे मला नाही चालायचं. आणि यांना तर नाहीच नाही."

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. रेषा दाखवल्या. ते चष्मा वरखाली करत बघत राहिले. एकदा स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"म्हणजे माझी नक्कल होतेय," ते म्हणाले.

"हो."

"सहा महिने. आणि मला कळलं नाही." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मग त्यांनी विचारलं, "आज वाचलेलं त्यांच्याकडे कधी वापरात येतं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. रोज ताजं लागतं त्यांना, नाहीतर पकडले जातील."

"हं," म्हणाले, उठले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. जेवायलाही आले नाहीत.

गुरुवारी मी लवकरच बाहेर पडले, दहा वाजता घरात काय होणार ते बघायचं धाडसच नव्हतं. दिवसभरात काही सुचलं नाही. संध्याकाळी ऑफिसातच माफीचं पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण पहिल्या तीन पत्रांत माफीपेक्षा शिव्या जास्त झाल्या होत्या. घरी आले तर बाबा गप्प. आई मात्र गुणगुणत होती, मला तिचा जरा रागच आला.

शुक्रवारी अकरा वाजता तेच टेबल. गादीवाल्या बाई, होपण साहेब, मधाचं बोट. माझ्या पिशवीत पत्र.

"हं, मग?" साहेब म्हणाले. "पुरावा?"

मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात मधाचं बोट म्हणालं, "कशाला ताईंना त्रास? आजचेच वाचक उघडा ना भिंतीवर. बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, किती जिवंत माणसं आहेत ती." त्याच्या तोंडात साखर पडो, माझं निम्मं काम त्यानंच केलं. साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आजचा पहिला वाचक उघडला.

बाण ओळीखालून चालला. टोकाला टक टक. मला बघवेना. म्हणजे बाबांनी काल वाचन केलं होतं, सगळं कळूनसुद्धा! बातमी संपली. बाण शेवटच्या ओळीखाली थांबला. ठिपका जाड होत गेला, होत गेला. आधीच्या कुठल्याच दिवशी एवढा वेळ कुणी थांबलं नव्हतं. कोपऱ्यातल्या घड्याळात एकवीस सेकंद मोजले गेले.

मग बाण हलला. सावकाश, ठसठशीत, पानाच्या डाव्या टोकापासून एक मोठा गोल काढत गेला. गोल जिथून सुरू झाला तिथे नीट मिळाला. मग बाण गोलाच्या आत आला, थांबला. ठिपका. जरा उजवीकडे सरकला, थांबला. दुसरा ठिपका.

भिंतीवरून सातवीतलं शून्य माझ्याकडे बघत होतं.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"काढा ना दुसरा," मी म्हणाले.

साहेबांनी दुसरा वाचक उघडला. डोळ्यांचं शून्य, जरा अंड्यासारखं. तिसरा, चपटं. चौथं तिरकं, पाचवं चकणं. साहेबांनी घाईघाईनं एकदम शंभर वाचक भिंतीवर मांडले. शंभर शून्यं आणि दोनशे डोळे आमच्याकडे टकामका बघायला लागले. प्रत्येकाच्या आधी तोच लांबलेला ठिपका.

"साहेब," मी म्हणाले, "चाळीस हजार माणसांनी एकाच सकाळी, बातमी वाचून झाल्यावर, आपापल्या घरी बसून हे असं काढलं असेल का?"

मधाचं बोट घसा खाकरत म्हणालं, "हल्ली लोकांमध्ये काय काय पद्धती निघतात..."

पुढचं त्याला बोलताच आलं नाही, कारण गादीवाल्या बाई हसायला लागल्या होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, हे सगळे तुमच्याकडेच बघतायत!" त्या त्याला म्हणाल्या. मी मग उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डोळे सर कोण, साडेसात मजूर, रोजचं दहा ते अकरा, सगळं. बाबांचं नाव सांगताना लाज वाटेल असं मला तीन दिवस वाटत होतं. लाज कसली? ऊर भरून आला होता.

"हो," साहेब म्हणाले. मी वाट बघितली. 'पण' आलं नाही.

माफीचं पत्र मी जिन्यात फाडलं आणि दुपारीच घरी आले. कपाटाच्या दारावर सहा चौकोन तेवढे उजळ दिसत होते, प्रमाणपत्रं काढलेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन ओळी होत्या, आपले वाचन आता आवश्यक नाही, धन्यवाद. बाबा बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी दारात उभी राहिले.

"आली का बरोबर?" त्यांनी पाठ न वळवताच विचारलं. "माउसनं गोल काढणं फार अवघड जातं. लाल पेनची सर नाही."

"चाळीस हजार आले, बाबा. एकही सुटला नाही."

"हं. डोळे दिसत होते?"

"दिसत होते." मी तशीच जाऊन त्यांच्या पाठीला डोकं टेकलं. त्यांच्या हातातलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं.

आत आले तर आई मोड्यावर बसली होती. मी तिच्यापाशी जमिनीवर बसले. "आई, एक सांग. काल वाचून झाल्यावर आणि शून्य काढायच्या आधी बाबा एकवीस सेकंद थांबले होते. काय झालं तेव्हा?"

"बाई गं! तेही दिसतं का तुमच्यात?"

"सगळ्यांच्यात दिसलं. चाळीस हजारांच्यात."

आईचा चेहरा गोरामोरा झाला. मग पदर सारखा करत ती हळूच म्हणाली, "मी विचारलं, हे काढलंत की नोकरी जाणार ना? म्हणाले, जाणार. मी म्हटलं, मग उद्यापासून मला कोण वाचून दाखवणार? तर हे गप्प. इतके गप्प, की मला वाटलं, झालं, उठतात आता आणि त्या खुर्चीत जाऊन बसतात."

"मग?"

"मग म्हणाले, 'गुण तू देशील का?' मी म्हटलं, देईन, पण मी कडक आहे. तेव्हा कुठे त्यांनी ते शून्य काढलं."

शनिवारी मला सुट्टी होती. दहाच्या ठोक्याला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, दुसऱ्याच कुठल्याशा साइटीवरच्या बातम्या उघडल्या आणि वाचायला लागले. टक टक. आई मध्येच थांबवत होती, ते चिडत होते. अकरा वाजता बाबांनी चष्मा काढला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग? किती?"

"चौऱ्याहत्तर," आई म्हणाली.

"चौऱ्याहत्तर? काल-परवापर्यंत नव्व्याण्णव पडत होते मला!"

"ते चोर होते. त्यांना काय कळतंय? तुम्ही ती गादीची जाहिरात गाळलीत. मला ऐकायची होती."

बाबांनी फेरतपासणी मागितली आहे. आई म्हणते, सोमवारी बघू.